सुडी आणि ऋतू : क्लोद मोनेचे १८९१ चे प्रदर्शन

४ मे १८९१ रोजी पॅरिसमध्ये पॉल द्युराँ-र्युएल यांच्या दालनात क्लोद मोनेच्या अलीकडील चित्रांचे प्रदर्शन उघडले. त्यात एकंदर २२ चित्रे होती व त्यांपैकी १५ चित्रांचा विषय एकच होता. जिव्हेर्नी या खेड्यात मोनेच्या घरालगत असलेल्या शेतात कापणीनंतर रचून ठेवलेल्या पिकाच्या राशी हा तो विषय होय. कोठे दोन राशी, कोठे एकच. मागे झाडांची व घरांची अंधुक ओळ, तिच्यामागे टेकड्यांची आडवी रेषा आणि वर आकाश. याहून अधिक काही नाही. बदलतो तो ऋतू, आणि ऋतूच्या पोटातला प्रहर. उन्हाळ्याची अखेर, शरदातील संध्याकाळ, हिमाच्छादित सकाळ, ढगाळ दुपार, बर्फ वितळू लागल्यानंतरचा सूर्यास्त अशा अवस्थांतून तीच वस्तू पुन्हा पुन्हा प्रेक्षकांसमोर येत होती. एकाच वस्तूची इतकी चित्रे एका ओळीने मांडून ती एकमेकांच्या साहाय्याने पाहावीत, अशी अपेक्षा निसर्गचित्रकाराने प्रेक्षकाकडून करावी, ही गोष्ट त्या काळी नवी होती.

मराठीत या चित्रांचा उल्लेख सामान्यतः ‘गवताच्या गंज्या’ असा केला जातो. हे नाव इंग्रजीवरून आले आहे, आणि इंग्रजीतच ते चुकलेले आहे. मोनेने रंगविले ते गवत नव्हे. तो मुख्यतः गहू होता. कापलेल्या पिकाच्या पेंढ्या कणसे आतल्या बाजूला येतील अशा वर्तुळाकार रचून, वर काडाचे निमुळते छप्पर करून त्या प्रदेशातील शेतकरी १५ ते २० फूट उंचीच्या राशी उभारीत. मळणीयंत्र गावोगाव फिरत असे व त्याची पाळी येईपर्यंत पीक तसेच शेतात उभे राही; कित्येकदा मळणी व्हायला हिवाळा उलटून जाई. मराठीला या वस्तूसाठी शब्द शोधण्याची मुळीच गरज नाही. खळ्याची वाट पाहत कणसांसह रचून ठेवलेल्या पेंढ्यांना देशावर ‘सुडी’ म्हणतात, कोकणात भाताच्या भाऱ्यांची ‘उडवी’ असते. गवताची गंजी गुरांच्या तोंडी जाणारी; सुडी ही घरादाराच्या वर्षाची भाकरी. ज्या भाषेत हा भेद शेतकऱ्याच्या तोंडी रोज येतो, त्या भाषेतील समीक्षेने एका परक्या भाषेची चूक उसनी घ्यावी, हे जरा विचित्रच म्हटले पाहिजे.

हा केवळ शब्दाचा काथ्याकूट नाही. राशीच्या पोटात धान्य आहे हे एकदा ध्यानात आले म्हणजे या चित्रांतील हिमाचा अर्थ पालटतो. बर्फाने झाकलेले गवत हा डोळ्यांना सुखविणारा एक देखावा असतो. बर्फाने झाकलेले पीक मात्र तगून राहिलेले असते. उन्हाळ्याने दिलेले दान हिवाळ्याच्या मध्यभागी न उघडता उभे आहे, असे ते दृश्य आहे. म्हणजे मोनेच्या प्रत्येक हिमचित्रात दोन ऋतू एकत्र आलेले असतात. एक बाहेर पसरलेला, दुसरा राशीत साठविलेला. ही चित्रे ऋतूंची आहेत असे म्हणताना कोणता ऋतू चितारला आहे एवढेच विचारणे म्हणूनच अपुरे पडते.

प्रचलित विवेचनात मात्र भर वेगळ्या ठिकाणी असतो. मोने हा दृक्‌प्रत्ययवादाचा अग्रणी. दृक्‌प्रत्ययवाद म्हणजे डोळ्यांना क्षणमात्र जे जाणवते त्याची नोंद. तेव्हा ही चित्रमाला म्हणजे प्रकाशाच्या बदलांची एक प्रकारची दैनंदिनी, असे अनुमान सहज निघते. या समजुतीला मोनेनेच सांगितलेल्या एका आठवणीचे पाठबळ मिळाले आहे. आरंभी त्याला दोन चित्रे पुरेशी वाटली होती, एक उन्हाचे व एक मळभाचे. परंतु प्रकाश पालटत गेला आणि अॅलिस ओशेदे यांची कन्या ब्लांश हिला घरून एकामागून एक नवा पट आणावयास सांगावे लागले, अशी ती आठवण. गोष्ट मनोरम आहे, पण ती फार वर्षांनी सांगितलेली आहे. शिवाय १८८८-८९ च्या सुमारासच मोनेने या राशी रंगविण्यास आरंभ केला होता, हेही विसरून चालत नाही. १८९० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस तो त्या शेतात उभा राहिला तेव्हा विषय त्याच्या मनात बराच मुरलेला होता.

त्याहून महत्त्वाचा पुरावा समकालीन आहे. ७ ऑक्टोबर १८९० रोजी समीक्षक गुस्ताव्ह झेफ्रुआला लिहिलेल्या पत्रात मोने आपली अडचण सांगतो. सूर्य इतक्या लवकर कलतो की त्याला गाठता येत नाही. आपण कामात अधिकाधिक मंद होत चाललो आहोत. आणि आपल्याला हवी असलेली तात्कालिकता, वस्तूभोवतीचे वेष्टन, सर्वत्र पसरलेला एकच प्रकाश, हे साधावयाचे तर पुष्कळच श्रम केले पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. एका झटक्यात जमून जाणाऱ्या गोष्टींचा त्याला आता तिटकारा आला आहे, आणि आपल्याला जे अनुभवास येते ते प्रकट करण्याची निकड पूर्वीपेक्षा वाढली आहे. क्षण पकडण्यासाठी मंद व्हावे लागते ही कबुली दृक्‌प्रत्ययवादाच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येत कोठेच बसत नाही. ‘जे दिसते’ ते सोडून ‘जे अनुभवास येते’ या शब्दांकडे चित्रकार वळला आहे. नोंद करणारा कारकून आणि आविष्कार करणारा कलावंत यांतील अंतर या एका पत्रात स्पष्ट होते.

चित्रांचा पृष्ठभागही हीच साक्ष देतो. रॉबर्ट हर्बर्ट यांनी १९७९ साली मोनेच्या चित्रणपद्धतीचे जे परीक्षण प्रसिद्ध केले, त्यावरून असे दिसते की, घाईने फटकारल्यासारखे वाटणारे हे रंगलेपन वस्तुतः अनेक थरांचे आहे. खालचा थर वाळू द्यावयाचा, त्याच्या खडबडीतपणावर वरचा रंग कोरडा ओढावयाचा, म्हणजे खालचा रंग मधूनमधून डोकावत राहतो. असे करीत चित्र दिवसेंदिवस, कित्येकदा चित्रशाळेत बसून, पुरे व्हावयाचे. शेतात सुरू झालेली चित्रे घरी एकमेकांशेजारी ठेवून ती परस्परांशी जुळविली गेली. क्षणाचा भास हा प्रदीर्घ परिश्रमाचा परिणाम आहे. यात फसवणूक कोणतीच नाही. उत्स्फूर्त वाटणारी ओळ पुष्कळ खाडाखोडीनंतर हाती येते, हे काव्याच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे वळावे. उन्हाळ्याच्या अखेरीची जी चित्रे आहेत, त्यांपैकी एक पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात व एक शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, त्यांत राशी दोन आहेत आणि मागील झाडांचा हिरवा रंग अजून शाबूत आहे. लहानमोठ्या दोन राशींमधील अंतर हेच येथे चित्राचे बळ होय. अंतरामुळे शेताला खोली येते, नजरेला चालत जाण्यास वाट मिळते. राशींच्या सावल्या जांभळट निळ्या असल्या तरी त्या जमिनीवर हलकेच टेकल्या आहेत. सगळे चित्र कसे भरल्या घरासारखे वाटते. शिकागो येथीलच ‘हिमप्रभाव, ढगाळ दिवस’ या चित्राशी त्याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. येथे रास एकटी आहे. सूर्य नाही, म्हणून सावली नाही. आणि सावली नाही म्हणून रास जमिनीला बांधणारा दुवा गेला आहे. पांढरा, करडा, फिकट जांभळा असे अगदी जवळजवळचे रंग एकमेकांत विरत जातात. मागची घरे आहेत की नाहीत असा संशय यावा. वस्तू तीच, पण पहिल्या चित्रात ती कोणाच्या तरी मालकीची वाटते, दुसऱ्यात ती कोणाचीच नाही. हिवाळ्याचे एकाकीपण दाखविण्यासाठी वठलेले झाड, वाकलेला म्हातारा, ओसाड वाट यांपैकी कशाचाही आधार मोनेने घेतलेला नाही. त्याने केवळ सावली काढून घेतली आहे.

सूर्यास्ताच्या चित्रांत याच्या उलट प्रकार आढळतो. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील १८९१ च्या चित्रात सूर्य राशीच्या मागे आहे, त्यामुळे आपल्याकडील बाजू वास्तविक काळवंडली पाहिजे. परंतु तिथे तांबडा, नारिंगी, जांभळा अशा रंगांचा विस्तवच पेटला आहे, आणि राशीची कडा तर निखाऱ्यासारखी धगधगते आहे. डोळा सूर्याकडे पाहून दिपला असता असे काहीसे दिसेलही. तथापि येथे रंग दृश्याच्या हिशेबाबाहेर गेला आहे हे मान्य केलेले बरे. पोटात धान्य असलेली रास जणू स्वतःच्याच उष्णतेने तापून उठली आहे. मालेच्या आरंभीच्या चित्रांत राशी शेतात मांडलेल्या वाटतात. पुढे पुढे रास एकटी, मोठी, प्रेक्षकाच्या अंगावर येणारी होते. एखाद्या चित्रात तर चौकट तिला कडेने कापते. ऋतू थंडीकडे जात असता वस्तू अधिकाधिक जवळ येते. सगळ्याच चित्रांना ही उंची गाठता आली आहे असे मात्र नाही. कित्येक चित्रांत गुलाबी आणि निळ्या रंगांची संगती फार गोड झाली आहे आणि हिवाळ्याची धार तिच्यात बोथट होऊन गेली आहे.

भारतीय वाचकाला ऋतुचित्रण म्हटले की ‘ऋतुसंहार’ आठवणे स्वाभाविक आहे. ग्रीष्मापासून वसंतापर्यंत सहा ऋतूंचे चक्र, आणि त्याच्या केंद्रस्थानी प्रेमी युगुल. राजस्थानी व पहाडी बारमासा चित्रांतही हेच. मेघ, मोर, होळी, पतंग हे सारे नायक-नायिकेच्या मनःस्थितीला चेतविण्यासाठी येते. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत निसर्ग तेथे उद्दीपन विभाव असतो, आलंबन मनुष्यच. मोनेच्या पंधरा चित्रांत मनुष्य कोठेच नाही. मग आलंबनावाचून उद्दीपन कसे संभवते? सुडी हेच येथे आलंबन आहे, असे उत्तर देण्याचा मोह होतो. परंतु तसे म्हटल्याने शास्त्राची सोय होते, चित्राची होत नाही. कारण रती, शोक, उत्साह यांसारखा कोणताही निश्चित स्थायी भाव सुडीकडे निर्देश करून सांगता येत नाही. बळजबरीने शांत रसाचे नाव दिले, तर बॉस्टनच्या त्या पेटलेल्या चित्राचे काय करावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मर्ढेकरांची उपपत्ती येथे अधिक उपयोगी पडते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांवर कलाकृतीच्या घटनेची उभारणी केली. एका चित्रातील रंगारंगांमध्ये ही तत्त्वे दाखविता येतात, हे उघडच आहे. परंतु १८९१ च्या प्रदर्शनाचे वैशिष्ट्य असे की, तीच तत्त्वे चित्राचित्रांमध्ये काम करू लागली. दोन राशींच्या चित्राला एका राशीच्या चित्राने विरोध करावा, ढगाळ दिवसाच्या शेजारी सूर्यास्त यावा, आणि समान आकारामुळे या विरोधांना एक अखंड आधार मिळावा, अशी ही रचना. प्रदर्शन पाहावयास आलेल्या बायव्हांक या डच लेखकाने मोनेशी झालेले आपले बोलणे नमूद करून ठेवले आहे. त्यातील तात्पर्य असे की, या चित्रांचे पुरते मोल संपूर्ण मालेच्या तुलनेतून व क्रमातूनच कळावयाचे. पुढे रिचर्ड ब्रेटेल यांनी १९८४ साली याच मुद्द्याचा पुनर्विचार करून त्या दालनात एकत्र मांडलेल्या १५ चित्रांच्या समुच्चयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. कलाकृती कोणती, हे चित्र की ते प्रदर्शन, असा प्रश्न यातून उभा राहतो. आणि तो शब्दच्छल नाही.

लयतत्त्वालाही मात्र एक मर्यादा आहे. केवळ संवेदनांची लय हीच सौंदर्याची कसोटी मानली, तर सुडीच्या जागी कोणताही शंकूच्या टोपीचा गोल चालला पाहिजे. या पक्षाला मिळालेला सर्वांत बलवत्तर साक्षीदार म्हणजे वासिली कांडिन्स्की. १८९६ साली मॉस्कोमधील फ्रेंच चित्रांच्या प्रदर्शनात त्याने या मालेतील एक चित्र पाहिले. ते कशाचे चित्र आहे हे त्याला ओळखता आले नाही. सूचीत पाहिले तेव्हा कळले. न ओळखता आल्याचे त्याला वाईट वाटले, चित्रकाराचा थोडासा रागही आला. आणि तरीही ते चित्र त्याच्या स्मृतीत कायमचे ठसले. चित्राला वस्तूची आवश्यकता आहे काय, ही शंका आपल्या मनात तेथे प्रथम उद्‌भवली, असे त्याने १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सांगितले आहे. वस्तूवाचून रंगाचा परिणाम होतो याचा याहून चांगला दाखला कोणता? परंतु एक गोष्ट येथे दृष्टीआड होते. कांडिन्स्कीने पाहिले ते एकटे चित्र. त्याच्या शेजारी दुसरी रास नव्हती, दुसरा ऋतू नव्हता. पंधरा चित्रांमध्ये उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला वस्तू न ओळखण्याची मुभाच नव्हती. एका चित्रात पुसट झालेली रास दुसऱ्यात स्पष्ट होत होती. कांडिन्स्कीला रंग मिळाला आणि त्यातून पुढे एक मोठी कला जन्मली, हे खरे. ऋतू मात्र त्याच्या हाती लागला नाही. ऋतू एका चित्रात असूच शकत नाही. तो दोन चित्रांच्या मध्ये असतो.

आणि हीच चित्रे विकण्यासाठी मांडलेली होती. कामीय पिसारोने एप्रिल १८९१ मध्ये आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांत तक्रार आहे की, गिऱ्हाइकांना मोनेखेरीज काही नको झाले आहे, सगळ्यांना सूर्यास्तातल्या राशीच हव्यात, आणि चार-पाच-सहा हजार फ्रँकांना चित्रे अमेरिकेस चालली आहेत. एकाच गोष्टीची अशी पुनरुक्ती मोनेला कशी जाचत नाही, असाही त्याचा आक्षेप होता. प्रदर्शन प्रत्यक्ष पाहिल्यावर पिसारोचे मत निवळले, तो चित्रांच्या तेजाने भारला गेला. पण आक्षेप निराधार नव्हता. जी रचना एकत्र असण्यावर अवलंबून आहे तिचे तुकडे विकावयाचे, या विसंगतीतून मोनेला सुटका नव्हती. नुकतेच, नोव्हेंबर १८९० मध्ये, त्याने जिव्हेर्नीचे घर विकत घेतले होते. शिकागोच्या बर्था पामर यांनी या राशींपैकी अनेक चित्रे मिळविली. त्यांच्या संग्रहातून गेलेल्या एका चित्राला न्यूयॉर्क येथील लिलावात २०१९ साली ११ कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली. सुडी फुटून धान्याचा दाणा न्‌ दाणा वेगळा व्हावा, तशी ही माला जगभरच्या संग्रहांत विखुरली. आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तिच्यातील सहा चित्रे एकत्र आहेत व तेथे त्यांना ‘गव्हाच्या राशी’ असेच म्हणतात. १९९० मध्ये पॉल टकर यांनी बॉस्टन, शिकागो व लंडन येथे मोनेच्या त्या दशकातील चित्रमाला पुन्हा जवळ आणल्या, आणि या राशींत ग्रामीण फ्रान्सच्या समृद्धीचा व स्थैर्याचा आशय आहे, असे प्रतिपादन केले.

टकर यांचे म्हणणे अर्धे पटते. राशींत समृद्धी आहे. पण ती कोणाची? मिलेच्या १८५७ च्या ‘सरवा वेचणाऱ्या स्त्रिया’ या चित्रात अशाच राशी मागे उन्हात झळकत आहेत, आणि पुढे तीन गरीब स्त्रिया जमिनीवर पडलेली कणसे टिपीत आहेत. त्या चित्रात रास पाहिली की तिचा मालक आणि तिच्यापासून वंचित असलेले हात, दोन्ही आठवतात. फ्रेडरिक हार्टमान या उद्योगपतीने १८६८ मध्ये सांगितलेल्या चार ऋतूंच्या चित्रमालेत मिलेने शरदासाठी राशींचाच विषय घेतला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील त्या चित्रात राशींच्या पुढे मेंढरे चरत आहेत, आणि मेंढपाळही आहे. मोनेने माणूस काढून टाकला. त्यामुळे राशीला एक अपूर्व गांभीर्य आले, हे वर दाखविलेच आहे. पण ज्याने ती रचली त्याचा मागमूसही पंधरा चित्रांत नसावा, ही उणीव नाकारण्यात अर्थ नाही. मागच्या घरांच्या छपरांपुरतेच काय ते मनुष्यत्व उरले आहे. मिले ऋतूला कामाने मोजतो, मोने प्रकाशाने; आणि सुडी ही मुळात कामाची वस्तू आहे.

या ऋतुचक्रात वसंत नाही, ही गोष्टही सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीपासून हिम वितळण्यापर्यंत माला येते आणि थांबते. राशी शेतातून उठल्यावर चित्रविषयच उरणार नव्हता. प्रदर्शन भरले ते मात्र ऐन मे महिन्यात. दालनाबाहेर वसंत आणि आत बर्फ, अशा स्थितीत पॅरिसच्या प्रेक्षकाने ती चित्रे पाहिली. त्याच वर्षी मोने एप्त नदीच्या काठी पॉप्लर वृक्षांची ओळ रंगवू लागला. ते वृक्षही उभे राहणार नव्हते. लिमे गावाने ते लाकडासाठी लिलावात काढले होते. चित्रे पुरी होईपर्यंत ते तोडू नयेत म्हणून लाकडाच्या व्यापाऱ्याशी बोलणी करून मोनेने आपल्या पदरचे पैसे भरले. १८९२ च्या आरंभी त्याच दालनात ती मालाही एकत्र मांडली गेली.